ताईची दुपारची झोप

बिट्टीची ताई म्हणजे पाण्यातली मासोळीच! गल्लीतली निम्मी पोरं तिनेच पोहायला शिकवलेली. पण तिला फिट्स येऊ लागल्या आणि पोहण्याच्या तलावावरच्या सरांनी तिला टोप्या-टॉवेल वाटायच्या खिडकीत बसवलं. मग डॉक्टरांनी तिच्या छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. त्याची तार मानेतल्या नसेला जोडलेली. थोड्या थोड्या वेळाने ते नसेला हलकासा करंट देई. आणि काय सांगावं, फिट्स चक्क थांबल्या! डॉक्टर हो म्हणाले, सरही तयार झाले. उद्या ताई पुन्हा पाण्यात उतरणार होती.

फक्त झोपेचं पार खोबरं झालं होतं. डॉक्टरांनी करंट वाढवल्यापासून झोपेत यंत्र सुरू झालं की तिचा श्वास अडके, ती घोरे आणि दचकून उठे.

"बिघडलेला मिक्सर झालीयेस तू," बिट्टी म्हणाली.

"आणि तू त्याचं झाकण. सारखी उडतेस." ताईने भली मोठी जांभई दिली. "उद्या पाण्यात पेंगले ना, तर पोरंच मला बाहेर काढतील." बोलता बोलता तिचा डोळा लागलासुद्धा.

टेबलावर यंत्राचं चुंबक होतं. फिट आली तर ते छातीवरून झटकन फिरवायचं, म्हणजे जादा करंट मिळतो. तिथेच धरून ठेवलं तर मात्र यंत्र गप्प बसतं. उगाच धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण एक दुपार तर! तेवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?

बिट्टीने चुंबक धरलं.

घोरणं नाही, दचकणं नाही. ताईचा श्वास एकसारखा चालू लागला. बिट्टीच्या हाताला मुंग्या आल्या, पण पठ्ठी हलली नाही. बहिणीला आपण झोप दिली, या आनंदाने ती नुसती फुलून गेली होती.

मग ताईचा हात ताठ झाला.

बिट्टीने तिला कुशीवर वळवलं, चुंबक फिरवलं, पुन्हा फिरवलं. आई घरात नव्हती. अखेर फिट थांबली आणि ताई गाढ झोपली.

जागी झाली ती हसतच. "कसली मस्त झोप लागली गं!" मग तिची जीभ दातांना लागून झोंबली. तिने बोट लावून पाहिलं. रक्त होतं.

"बिट्टे, आली होती?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! पण उद्या ताई पाण्यात, आणि तिथेच जर... बिट्टीने मान डोलावली. "माझ्यामुळे आली. चुंबक धरलं होतं मी. तुला झोप लागावी म्हणून."

ताईने दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वेडाबाई, एखाद्या दिवशी मीच तुला धरायला सांगितलं असतं."

तिने सरांना फोन लावला. "सर, उद्या मी पाण्यात नाही उतरत. हो, आली..." तेवढ्यात यंत्राचा करंट सुरू झाला आणि तिचा आवाज घोगरा झाला.

"रडू नकोस, पोरी," सर म्हणाले. बिट्टीलाही ऐकू आलं.

"रडत नाहीये, सर. मशीनमुळे होतं असं. थांबेल आत्ता."

करंट थांबलाही. सर हॅलो, हॅलो करत राहिले. तरी ताईला काही बोलताच येईना.