निळ्या पाण्याचा बाबा

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत साक्रीच्या आठवडे बाजारात रॉकेल मिळत नव्हतं, पण नथ्थूबाबाची गोळी हमखास मिळायची. गोळी परम्यावरची. लघवीला आग आणि धोतराला पूचे डाग, असं ज्याचं दुखणं, तो मान खाली घालून बाबाच्या लिंबाखाली येऊन बसायचा.

"परमा हा रोगच नव्हे," बाबा हात नाचवत सांगायचा. "घरच्या बाईचं विष तुमच्या अंगात उतरलंय. गोळी घ्या, सकाळी ते निळं होऊन पडेल."

आणि पडायचं. मग चावडीमागे भलेभले गृहस्थ एकमेकांना आपापला चमत्कार दाखवत. भिंत निळी झाली, तशी कुणीतरी तिला कुंकूही वाहिलं.

अभिमन नावाच्या तरण्या शेतकऱ्याचं पाणी निळं झालं आणि त्याने गरोदर बायकोला, पुष्पाबाईला, घराबाहेर काढलं. तिची आई भिकुबाई तिला घेऊन गावातल्या सुकदेव डॉक्टरांकडे आली. पोरीलाही जळजळ सुरू झाली होती.

पुढच्या बाजारी डॉक्टर लिंबाखाली गेले. बाबाचे पहिले भक्त रुपचंदनाना तिथेच होते. म्हातारे, विधुर, प्रकृतीने ठणठणीत.

"ज्याच्या अंगात विष नाही, त्याने गोळी घेतली तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी स्वच्छ राहील," बाबा म्हणाला.

"मग नानांनाच द्या एक."

बाबा चाचरला. निरोग्याला गोळी बाधते, असं काहीसं पुटपुटला. पण नानांची श्रद्धा बाबापेक्षा मोठी. त्यांनी गोळी उचलली आणि गिळली.

सकाळी चावडीमागे गाव जमलं. नाना भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. वळले तेव्हा चेहरा उतरला होता.

"निळंच शे," ते म्हणाले. "मनी बायको मरीसन कैक वरीस व्हयनात. मंग हाई विष कोनं?"

विधुराच्या अंगात बायकोचं विष! गाव पोट धरून हसलं. बाबा तोवर पिंपळनेरच्या वाटेला लागला होता.

"गोळीत रंग आहे," डॉक्टर म्हणाले. "पोटातून रक्तात जातो, रक्तातून लघवीत. रोग असो नसो, लघवी निळी होणारच."

मग त्यांनी अभिमनला दवाखान्यात नेलं. "परमा जंतूंनी होतो. शरीरसंबंधातून एकाचा दुसऱ्याला लागतो. तू कुठून आणलास?"

अभिमन म्हणाला, "धुयाले कापूस लई गयथू, तव्हय."

"म्हणजे कापूस घेऊन धुळ्याला गेलास, तिथे बाईकडे गेलास. मग रोग कुणी कुणाला दिला?"

"पन पू कमी व्हयना व्हता."

"झाला असेल, पण पू गोळीशिवाय आपोआपही कमी होतो. जंतू आतच राहतात. बाळंतपणात मुलाच्या डोळ्यांत गेले, तर मूल आंधळं होईल."

अभिमन तसाच सासरी गेला आणि दारात उभा राहून त्याने सगळं कबूल केलं. पुष्पाबाईने ऐकून घेतलं. "आधी दोघांचं औषध पुरं होऊ दे," ती म्हणाली. "घरी यायचं का, ते मी मग ठरवीन."

डॉक्टरांनी दोघांना जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि मूल जन्मताच त्याच्या डोळ्यांत औषध घातलं. पोरगी टकमक बघू लागली, त्यानंतरच पुष्पाबाई नांदायला आली.

परमा बाईच्या विषाने होत नाही, बायकोच्या पापाने तर नाहीच. लाज वाटली तर वाटू द्या, पण दवाखान्यात जा, आणि बायकोलाही उपचाराला न्या. रंग बदलला म्हणजे रोग गेला असं नसतं.