सात सेकंदांची ओळ

आमच्या ऑफिसातले काका निवृत्त झाले आणि त्यांची शेल स्क्रिप्ट, एक छोटासा प्रोग्रॅम, माझ्या गळ्यात पडली. ऑफिसच्या सर्व्हरसाठी कुठलं पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, मिळेल आणि कुठलं नाही, हे ती शोधून सांगायची. मी आत डोकावले, तर त्यात एक ओळ अशी, की उत्तर हाती असूनही स्क्रिप्ट सात सेकंद नुसती गप्प बसायची. माझं टाळकंच सटकलं. "काका, हा काय गाढवपणा?" असं फोनवर फाडफाड बोलून मी ती ओळ उडवली. ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांना नकाशे छापायचं एक जुनं पॅकेज हवं होतं. मी नाव टाकून एंटर मारते न मारते तोच उत्तर आलं: नाही.

"अगं, नीट शोध की!"

पुन्हा शोधलं. पुन्हा तेच, तितक्याच झटपट.

"जरा मन लावून कर गं."

असं आठ वेळा झालं. शेवटी साहेब पाणी प्यायला गेले, तेवढ्यात मी ती ओळ होती तिथे परत टाकली. वर दर सेकंदाला एक टिंब उमटेल अशी सोय केली. साहेबांनी श्वास रोखून सातही टिंबं पाहिली.

"नाही म्हणजे नाहीच! आता कसं व्यवस्थित शोधलंस!"

संध्याकाळी मी काकांना फोन लावला. "काका, त्या दिवशी तुम्हाला माझा राग आला होता का हो?"

पलीकडे सात सेकंद शांतता.

"नाही गं," काका म्हणाले.

आणि मला ते लगेच पटलं.