कार्तिकातला तलाव

माझ्या नातीचं, मनालीचं, लग्न झालं त्याच वर्षी पोळा सरल्यावर एक साहेब तलावाच्या पाळीवर येऊन उभा राहिला आणि हातातल्या पाटीएवढ्या फोनवर त्यानं आम्हाला आमचाच तलाव दाखवला. अर्धा निळा होता. अर्धा लाल.

"लाल म्हणजे काय जी?" मी विचारलं.

"अतिक्रमण. दहा वर्षांत एवढं पाणी कमी झालं आणि तिथं शेती झाली. सॅटेलाइटच्या फोटोंत दिसतंय."

माझी बहीण रंभाबाई तेव्हा त्या लाल भागातच होती. छातीइतक्या पाण्यात उभी राहून शिंगाड्याच्या वेलातलं गवत काढत होती. तिनं तिथूनच हाक मारली, "काय म्हणते गा दादा तो?"

"तू उभी हायेस तिथं शेत हाये म्हणते."

"मंग त्याले म्हण, ये नांगर घेऊन. मी बैल धरतो."

पाळीवरची माणसं हसली. साहेब हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता, घाईत होता. पाण्यावर पसरलेली पानं त्यालाही दिसत होती. म्हणाला, "शिंगाडा आहे हे मला कळतंय हो. पण यादी वरून आलीय. मशीननं लाल केलेला प्रत्येक तलाव एका माणसानं पडद्यावर तपासून 'बरोबर' म्हटलंय. त्यानं चूक झाली म्हणून लिहून दिलं तर यादीतून तुमचं नाव निघेल. नाहीतर दिवाळीआधी हे सगळं उपटायचं आहे."

"कोण तो तपासणारा?"

त्यानं पाटीवर बोट फिरवलं आणि वाचलं, "प्रफुल्ल मारबते."

पहिला बोलला सोमाजी. त्याचं धानाचं शेत तलावाखाली आहे आणि शिंगाड्यासाठी आम्ही, तलावात शिंगाडा लावणाऱ्या संस्थेची माणसं, पाणी अडवून धरतो हे त्याचं जुनं रडगाणं. तो म्हणाला, "घ्या बाप्पा! घरच्याच पोट्ट्यानं घर लाल केलं."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं. पण तो खोटं बोलला नव्हता.

प्रफुल्ल आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो शाळेतही जात नव्हता तेव्हा त्याची आई याच तलावात, याच वेलात पाय अडकून बुडाली. रंभाबाईला मूल नव्हतं, नवरा नव्हता. तिनं त्याला उचललं ते खाली ठेवलंच नाही. शिंगाडे उकडून एकोडीच्या बाजारात विकले, सुकवून उपासाच्या पिठासाठी दिले, आणि त्याला नागपूरला कॉम्प्युटर शिकवला. आता तो तिथल्या एका कंपनीत होता. आकाशातून काढलेल्या फोटोंचं काही काम करतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मी फोन केला. तो रविवारी मोटारसायकलवर आला. रंभाबाई माझ्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तो पाया पडायला वाकला, तिनं पाय आत ओढून घेतले.

"सांग तुह्या मामाले," ती भिंतीलाच म्हणाली, "काय केलं ते."

तो ओट्यावर टेकला. "मामाजी, पहिले एकेक फोटो ऑफिसातल्या मशीनवर उतरवा लागे. एका तलावाले दिवस जाये. म्हणून जुनं कोणी पाहेच ना. आता साऱ्या वर्षांचे फोटो क्लाउडवर हायेत, म्हणजे दूरच्या मोठ्या मशीनवर. इथं काहीच ठेवा लागत नाई. तिले विचारलं का दहा वर्षांत कोणत्या तलावाचं पाणी कमी झालं, का साऱ्या जिल्ह्याचं सांगून मोकळी होते. पावसाळ्यात आभाळामुळं खालचं दिसत नाई, म्हणून कार्तिकातले फोटो धरले."

"कार्तिकात तलावावर वेल असते."

"हो."

"तुह्या मावशीनं आन साऱ्यांनी एका कोपऱ्यातून लावत लावत अर्धा तलाव केला. मशीनले ते हिरवं शेत दिसलं."

"हो जी."

"मंग तुले दिसलं नाई? तू तं त्या वेलात वाढला."

त्यानं बुटाची नाडी ओढली. "दिसलं. आकार पाहूनच आपला तलाव ओळखला. वेल हाये हेही मालूम होतं."

"मंग?"

"मंग बरोबर म्हणून बटन दाबलं."

रंभाबाई वळली. "काहून?"

"तुह्यासाठी," तो म्हणाला आणि एकदम ओरडायलाच लागला. "मायले त्या वेलानं नेलं. तुह्या पायाच्या जखमा वर्ष वर्ष सुकत नाई. मी पैसे पाठवतो ते तू डब्यात ठेवतेस आन पुन्हा पाण्यात उतरतेस. किती सांगितलं तुले, निघ! मशीननं लाल केलं, मी म्हटलं राहू दे लाल. एकदाचं निघू दे ते सारं."

"आभाळातून पाहून राहिला तू मले? घरी येऊन सांगाचं होतं."

"दर दिवाळीले सांगितलं."

ते खरं होतं. मी स्वतः ऐकलं होतं.

"आन बाकीच्या घरांचं काय बे?" मी म्हणालो. "साऱ्या संस्थेचं पोट हाये त्या पाण्यावर."

तो मावशीकडेच पाहत होता. "लिहून देतो. आजच देतो. नोकरी गेली तं जाऊ दे. पण तू मायची शपथ घे, का आजपासून पाण्यात पाय टाकणार नाई. बाकीचे लावतीन शिंगाडे. तू पाळीवर बस."

मला वाटलं, सुटलो. एवढंच तर हवं होतं. रंभाबाई उठली, पदर खोचला आणि अंगणातून चालू लागली. आम्ही दोघं मागे गेलो. पाळ उतरून ती पाण्यात शिरली, गुडघे, कंबर, छाती, आणि मग मागे वळून त्याच्याकडे पाहत उभी राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

प्रफुल्ल अंगणात परतला आणि त्यानं मोटारसायकलला किक मारली.

त्या संध्याकाळी संस्थेची माणसं रंभाबाईच्या दारात जमली. त्यांत रुखमिणी होती, तिच्याही शिंगाड्याचे दोन तुकडे पाण्यात होते, घरात दोन पोरी. ती आधी हात जोडत होती, मग तिचा तोल गेला. "एक शपथ घेतली तं तोंड झडते का वं बाई? घे, आन मंग उतर पाण्यात! त्याले नागपुरात कोण सांगते?"

"मेलेल्या बहिणीची खोटी शपथ घेऊ?"

"मंग खरी घे! नको उतरू! आमी तोडून देऊ तुह्ये शिंगाडे."

"त्यानं मले न विचारता काढाचं ठरवलं. मी कायले निघू?"

"तुह्या रागापायी आमची पोरं उपाशी मरतीन!"

"तं त्याले जाऊन सांगा," रंभाबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी प्रफुल्लला रोज फोन केले. सुरुवातीला उचलायचा. "मावशी काय म्हणते?" विचारायचा. मी खोटं सांगितलं, हो म्हणते. तो म्हणाला, "तिले बोलू द्या." मी फोन तिच्या कानाला लावला. ती त्यात श्वासही घेईना. पुढं त्यानं उचलणं बंद केलं.

दिवाळीच्या आधी माती उपसायचं मशीन आलं. काठावर उभं राहून त्याचा लोखंडी हात पाण्यात जायचा आणि मोठमोठे जुडगे वर यायचे, पानं, मुळं, दुधाळ कच्चे शिंगाडे, सगळं एकत्र. मधल्या पाण्यातलं काढायला बाहेरगावचे मजूर लावले होते. आमच्यातला एकही माणूस त्या कामाला गेला नाही. पाळीवर वेलांचा ढीग लागला आणि बकऱ्या त्यावर चढल्या. सोमाजी बघायला आला होता. त्याच्यानंही फार वेळ थांबवलं नाही.

रुखमिणीनं लहान पोरीला घेऊन वीटभट्टीचं काम धरलं. रंभाबाईशी ती बोलली नाही. मीही फारसा बोललो नाही. जेवण पाठवायचो. ती खायची. रागानं पोट भरतं असं म्हणतात, पण माणूस त्यानं वाळतही जातो. दिवसभर ती उंबऱ्यात बसायची, पाय समोर पसरून. पाण्यात उतरणं सुटल्यावर पायांच्या जखमा महिन्याभरात भरल्या. नवी गुलाबी कातडी आली होती. मी एकदा म्हणालो, "पाय तं चांगले झाले तुह्ये." तिनं त्यावर लुगडं ओढून घेतलं.

प्रफुल्ल एकदा आला, हातात औषधं होती. ती आत होती, कडी काढली नाही. तो उंबऱ्यावर पिशवी ठेवून गेला. गल्लीतून जाताना त्यानं मला "मामाजी" म्हटलं. मी तोंड फिरवलं. दोघांपैकी कोणाचा राग मला जास्त आला होता, ते मला आजही सांगता येत नाही. दोघांनाही एकच शब्द बोलायचा होता. तेवढ्या एका शब्दाची किंमत आमच्या पोरांनी भरली.

पुढच्या कार्तिकात तोच साहेब पुन्हा आला. पाटीवर आमचा तलाव काठापासून काठापर्यंत निळा होता. म्हणाला, सुधारलेल्या तलावांत तुमचं नाव आलंय. कोणी त्याला चहा विचारला नाही.

रंभाबाईनं तो निळा तलाव पाहिला नाही. ती त्याआधीच, होळीच्या अलीकडच्या सोमवारी, सकाळी, घरात खाटेवर वारली.