धोकादायक ठरवलेला आवाज

मुलुंडच्या एका छोट्याशा घरात, टीव्हीखालच्या खणात माझा मुक्काम आहे. मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन. माझी काच तडकली आहे, बॅटरी फुगली आहे. पण माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

माझे मालक कुंडलिक कांबळे. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. तेव्हा त्यांच्या मुलीने, दर्शनाने, मराठी वाचून दाखवणारे ॲप बनवले. माझा कॅमेरा पेपरवर धरला की मी वाचू लागे आणि कुंडलिकबाबा चुका काढत.

"दर्शू, जोडाक्षराला अडखळतोय बघ हा!"

ती लगेच सुधारणा करी. पुढे हजारो अंध माणसे ते ॲप वापरू लागली.

मग आम्हा फोनांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या बलाढ्य कंपनीने स्वतःचे वाचक ॲप आणले. ते न विचारताच माझ्यात येऊन बसले. आणि दर्शनाचे ॲप उघडले की माझ्या पडद्यावर लाल पट्टी झळके, 'हे ॲप धोकादायक आहे. काढून टाका.' ती पट्टी मीच मोठ्याने वाचत असे. मला माझ्याच आवाजाची लाज वाटे.

लोक घाबरले. एकेकाने ॲप काढून टाकले. कंपनी दर्शनाच्या पत्रांना दाद देईना. शेवटी तिने मोठ्या कंपन्यांची बाजारातली मनमानी रोखणाऱ्या सरकारच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार लिहिली, पण पाठवताना तिचा हात थांबला.

"बाबा, एवढ्या मोठ्या कंपनीशी भांडायचं? वाट लागेल ना आपली."

"लागू दे गं. चूक दिसली की खूण करायची. जन्मभर तेच केलंय मी."

चौकशी सुरू झाली. कंपनीचे वकील म्हणाले, "इशारा सुरक्षेसाठीच होता." तपास अधिकारी बाईंनी बाबांचा लेखी जबाब माझ्यातल्या कंपनीच्या ॲपकडून वाचून घेतला. ते ॲप म्हणाले, "कुंडलिक कांबले."

"कांबळे," बाबा शांतपणे म्हणाले. "बाई, ह्याला ळ येत नाही."

बाईंनी ती चूक नोंदवून घेतली. तज्ज्ञांनी मला आतून तपासले. दर्शनाच्या ॲपमध्ये धोका सापडला नाही. उलट, तो इशारा फक्त इतरांच्या वाचक ॲपवरच यावा, अशी सोय कंपनीने केलेली सापडली.

निकाल चार वर्षांनी लागला. खोटा इशारा बंद झाला. कोणते वाचक ॲप हवे, हे नव्या फोनने माणसाला विचारायचे, असा आदेश निघाला. पण तोवर दर्शनाचे काम बंद पडले होते. ती अंधेरीत नोकरीला लागली होती.

बाबांचा नवा फोन तिनेच सुरू केला. त्याने दाखवलेली वाचक ॲपची यादी तिने दोनदा वाचली.

"आपलं नाही यात, बाबा. कोल्हापूरच्या कुणा श्रुतिकाचं एक आहे, मराठी वाचणारं."

बाबा म्हणाले, "तिचंच लाव. आणि चुका दिसल्या तर तिला कळवू आपण."

मित्रांनो, तुमचा फोन तुम्हाला काही विचारेल, तेव्हा घाईने 'होय' दाबू नका. त्या यादीत खाली कुठेतरी कुणाची तरी मेहनत असते. तेवढे नाव एकदा वाचून बघा.