भूतानची रेघ

डावा रकाना

कय्यूम, राहणार देऊळघाट. बुलढाण्याच्या कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्र, शेवटचं वर्ष. देश : मालदीव. बंदरं, विमानतळ, बेटांवरची हॉटेलं. टिकणाऱ्या गोष्टींत दरवर्षी किती पैसा घातला गेला, त्याची आलेखावरची रेघ तयार.

उजवा रकाना

वैजनाथ, राहणार धामणगाव बढे. देश : भूतान. धरणं, वीजघरं, डोंगरातले रस्ते. रेघ तयार. माणूस अजून आलेला नाही.

प्रकल्प दोघांचा मिळून एकच. भूतान आला नाही तर मालदीवची तुलना करायची कुणाशी? कय्यूम तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर फोन लावत होता. बंद. पुन्हा बंद.

काल बोलणं झालं तेव्हा वैजनाथ फवारणी करून नुकताच घरी आला होता. बीटी कपाशी असूनही बोंडांत अळी शिरली होती, आणि पऱ्हाटी डोक्याच्या वर गेल्यानं औषध उडायचं ते थेट तोंडावर. डोकं दुखतंय म्हणाला. तरी नेहमीसारखे ते आपापल्या देशावरून भांडले. तुझ्या देशात रेल्वे नाही, असं कय्यूमनं हिणवलं, तर बुलढाण्यात तरी कुठे आहे, असं वैजनाथनं परतवलं.

दोन्ही रकाने

शेवटी तो आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"काऊन बे, फोन बंद?"

"चार्जिंग नव्हती," वैजनाथ म्हणाला आणि भिंतीला धरून आत गेला.

कय्यूमचा मालदीव सुरळीत पार पडला. बाहेरून आलेले परीक्षक मोकळ्या स्वभावाचे होते. त्यांनी वैजनाथला विचारलं, कपाशीचं बीटी बियाणं स्थिर भांडवलात धराल का?

"नाही सर. दरसाली नवं घ्या लागते."

"आणि फवारणीचा पंप?"

"तो धरू सर. तो टिकते."

परीक्षक हसले. आता आलेखावर दाखवा, म्हणाले, भूतान मालदीवच्या वर कधी जातो?

वैजनाथनं कागदावर बोट ठेवलं. तिथे रेघ नव्हती. घाबरलाय, असं वाटून कय्यूमनं कागद त्याच्याकडे सरकवला. वैजनाथनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि बोट पुन्हा कोऱ्या जागी ठेवलं. ओठांच्या कडेनं लाळ येत होती. ती तो रुमालानं टिपत होता.

कय्यूमनं वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गेल्या महिन्यात शेजारच्या अकरमचाचांना फवारणीचं औषध चढलं होतं. तेव्हा डॉक्टर विजेरी लावून हेच पुन्हा पुन्हा बघत होते.

"सर, याले दवाखान्यात न्या लागते."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढच्या केंद्रावर जायचं होतं. दोनच प्रश्न उरलेत, म्हणाले, नाहीतर निकाल राखून ठेवावा लागेल, दोघांचाही.

"थांब ना बे," वैजनाथ म्हणाला. "माहा देश राह्यला."

कय्यूमनं त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं.

रकाने नाहीत

ऑटो. वैजनाथचं डोकं कय्यूमच्या खांद्यावर. झोपू द्यायचं नाही, एवढंच कय्यूमला सुचत होतं.

"वैज्या, भूतानचं मोठं धरण सांग. पह्यलं."

"चुखा."

"मंग?"

"ताला."

"मंग?"

समोर गुरं आडवी आली. ऑटोवाला हॉर्न वाजवत राहिला. कय्यूमनं वैजनाथचा गाल थोपटला.

"मंग? तुले विचारून राह्यलो. भूतानचा पैसा मंग कशात गेला?"

वैजनाथनं मिटत आलेले डोळे उघडले.

"बंदरात," वैजनाथ म्हणाला. "समुद्र लय मोठा आहे ना आपला."

भूतानला समुद्र नाही. कय्यूम ऑटोतून उतरला आणि दोन्ही हातांनी गुरं हाकलू लागला.