कचेरीच्या शिडीची पाचवी पायरी

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या बाकीच्या पायऱ्या कशा चौकोनी, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. मधलीच एक तेवढी गोल, बांबूची, दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आलेली आणि सुतळीने करकचून आवळलेली. नवीन साहेब आले की विचारतात, "हे काय ध्यान आहे?" मला त्याचं काही वाटत नाही. त्या पायरीला नावं ठेवलेली मात्र मी खपवून घेत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत, मागच्या अंधाऱ्या खोलीत मी राहते. मी तिथली जुनी शिडी. त्या खोलीला रेकॉर्ड रूम म्हणतात. जमिनीपासून पार छतापर्यंत लोखंडी फळ्या, आणि त्यांवर लाल कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. कचेरीतले लोक त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. कोण कधी जन्मलं, कोण कधी वारलं, कोणाच्या शेताचा बांध कुठून कुठे गेला, सगळं त्या रुमालांत. सरकारी म्हटलं तरी ते असतं तुमच्याआमच्या माणसांचंच.

धानोऱ्याच्या इंद्रसिंग मिस्त्रींनी मला घडवलं. दांडे सागाचे, पायऱ्या बाभळीच्या. मिस्त्री तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. काम झाल्यावर ते स्वतः माझ्या शेंड्याशी चढले, वर उभे राहून पानाचा विडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आते हत्ती चढना तरी हालनार नही." हत्ती काही आला नाही, पण कारकून पुष्कळ आले. त्यांतले दोघंतिघं हत्तीच्याच अंगाचे होते. मी कुरकुरलेसुद्धा नाही.

काय दिवस होते ते! सकाळी दार उघडायच्या आधी ओट्यावर माणसं बसलेली असायची. कोणी प्रकाशा गावाहून जमिनीच्या जुन्या नकलेसाठी आलेलं, कोणी मोलगीकडून पहाटेच्या जीपने धक्के खात पोचलेलं. कारकून माझ्यावर चढायचे, रुमाल खाली यायचा, धूळ उडायची, सगळे शिंकायचे, आणि मग कोणीतरी एकदम म्हणायचं, "हाऊ देखा, मन्हा आजाना नाव!" त्या आवाजासाठी मी दिवसभर उभी असायची. एकदा जिल्ह्याहून तपासणीला मोठे साहेब आले होते. माझ्या दांड्यावर थाप मारून म्हणाले, "व्वा, शिडी असावी तर अशी." पुढे आठवडाभर माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

मग माझे दिवस फिरले. गणपतीत मांडवाला माळा लावायला मला बाहेर नेलं. तिथून चुना मारायला नेलं, तिथून कोणाच्या तरी घरची पाण्याची टाकी बसवायला. एक अख्खा पावसाळा मी मागच्या भिंतीशी भिजत पडले होते. विचारलं का कोणी? छे! वरून ऐकवायचे, "आता सगळं कॉम्प्युटरवर येणार, शिडी कशाला लागतेय?" कॉम्प्युटर आला, पण वरच्या फळीवरचे रुमाल काही आपापले उतरून त्याच्यात जाऊन बसले नाहीत.

त्या पावसात माझी पाचवी पायरी आतून कुजली. ती मोडली ती नेमकी नवलसिंगांच्या पायाखाली. नवलसिंग आमचे शिपाई, खान्देशी, गोड माणूस. बिचाऱ्यांचा घोटा मोडला, महिनाभर प्लास्टर होतं. परत आले ते किंचित लंगडतच. त्यांनी मला ना शिवी दिली ना लाथ मारली. नुसती कोपऱ्यात सरकवली आणि म्हणाले, "हाई शिडी आते काय कामनी नही." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून वरच्या फळीकडे कोणी फिरकेना. खिडकीवर आलेल्या माणसाला हात पुरेल तेवढंच शोधून दिलं जाई, बाकीच्यांना एकच उत्तर मिळे, "नोंद सापडत नाही." अरे, सापडत नाही की शोधलीच नाही? मी कोपऱ्यातून किती ओरडायची! पण लाकडाचा आवाज कोणाला ऐकू जातो?

आता एक गंमत सांगते, ती नीट ध्यानात ठेवा. आमच्या डोंगरातल्या जुन्या माणसांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख बघा. एक जून! ह्याची एक जून, त्याची एक जून, शेजाऱ्याचीही एक जून. पूर्वी आईबाप पोराला घेऊन शाळेत यायचे. तारीख कोणाला ठाऊक? शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून मास्तर एक जून लिहून मोकळे. म्हणून खिडकीवर येणारा जो तो जूनचंच मागायचा. आमच्याकडे एका वर्षाच्या जन्ममृत्यूचे दोन रुमाल असतात, एक जानेवारी ते मे आणि दुसरा जून ते डिसेंबर. जूनवाले रुमाल मी धडधाकट होते तेव्हाच खाली आले आणि हाताशी राहिले. जानेवारीवाले वर धूळ खात बसले.

अशा वेळी एके दिवशी लिडिया आली. नवापूरच्या सीमेवरच्या डोंगरातली, कोकणी आदिवासी घरची पोर, डोळे कसे तरतरीत. सोबत तिची आजी हिरीबाई, हातात भरीव बांबूची काठी. लिडियाचा नर्सिंगला नंबर लागला होता. त्यांच्या पाड्यातून नर्स होणारी ती पहिलीच. पण प्रवेश पक्का व्हायला जातीचा पुरावा हवा होता, आणि त्यासाठी आजोबांच्या जन्माची जुनी नोंद हवी होती. शनिवारपर्यंत नक्कल मिळाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या प्रतिभा मॅडम नव्यानेच बदलून आल्या होत्या. मनाने चांगल्या, पण कामाखाली पिचलेल्या. त्यांनी लिडियाचा अर्ज आठवडाभर आधीच बघितला होता, म्हणून दोघींना खिडकीवर न थांबवता आत बोलावलं.

"बाळा, मी जूनचा रुमाल दोनदा चाळला," त्या म्हणाल्या. "पुढचं जुलै, ऑगस्टही बघितलं. तुझ्या आजोबांची नोंद नाही गं."

"असं कसं, मॅडम? दाखल्यावर आहे ना, एक जून अठ्ठेचाळीस."

"दाखल्यावर आहे, पण इथे नाही. मी तसं लेखी देते."

लिडियाचा चेहरा उतरला. लेखी 'नाही' घेऊन ती कुठे जाणार होती?

मागून हिरीबाई बोलली. घरी कोकणीत बोलणारी ती, मराठी जपून एकेक शब्द मांडायची. "ताई, तो जूनमधी नाय झाला."

"आजी, तू गप्प बस ना!" लिडिया रडवेली झाली होती. "आपण दर एक जूनला मेणबत्ती लावतो. आजोबांच्या थडग्यावरच्या क्रुसावरसुद्धा तीच तारीख कोरलीय. आता मॅडमसमोर उलटंसुलटं सांगू नकोस."

बघा मित्रांनो! मास्तरांनी अंदाजाने टाकलेली तारीख घरच्यांनी दगडावर कोरून घेतली होती. पोरीचा तरी काय दोष? दगडावर लिहिलेलं खोटं असेल असं कोणाला वाटतं?

हिरीबाई काही गप्प बसली नाही. काठी जमिनीवर टेकत ती पुढे आली. "क्रुसावर योहान लिवलंय. ते नाव मोठेपणी बाप्तिस्मा घेतला तवाचं. आईनं ठेवलेलं नाव होळ्या. होळी पेटली, ढोल वाजत होता, तवा तो झाला. म्हणून होळ्या. आमच्यात दिवस बघूनच नाव ठेवायचे. सासू मला कितींदा सांगायची. पण मला कोनी इचारलंच नाय."

प्रतिभा मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोनवर काहीतरी शोधलं. "त्या वर्षी होळी मार्चच्या शेवटी होती," त्या पुटपुटल्या. "म्हणजे पहिला रुमाल. नवलसिंगभाऊ, तो कुठे आहे?"

नवलसिंगांनी मान वर केली. "तठे, वरला फळीवर. पन चढी कोन? मन्हा घोटा अजून दुखस. आनि शिडी तर मोडेल शे."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी बघितलं, आणि ते अशा वेळी! पाचव्या पायरीच्या जागी नुसतं भगदाड. लाजेने जीव अर्धा झाला माझा.

"सुतार कधी मिळेल?" मॅडमनी विचारलं.

"सोमवारी."

सोमवारचा काय उपयोग होता? लिडियाने तोंड फिरवून ओढणीने डोळे पुसले. हिरीबाई माझ्याजवळ आली. तिचा खरखरीत हात माझ्या दांड्यावरून वरखाली फिरला, भगदाडाशी थांबला. मग तिने आपली काठी आडवी करून तिथे धरून बघितली. काठी दोन्हीकडे वीतवीतभर जास्तच होती.

"दोरी हाये का?" तिने विचारलं.

रेकॉर्ड रूममध्ये सुतळीला काय तोटा! नवलसिंगांनी अख्खा गुंडा आणला. हिरीबाईने काठी धरून ठेवली, त्यांनी फेरे घातले, लिडियाने पाय रोवून गाठी ओढल्या. तो बांबू जुना, मुरलेला, रोज तिच्या वजनाला सरावलेला. माझ्या अंगाला लागला तेव्हा तो तिच्या हाताने उबदार झालेला होता.

"मीच चढते," प्रतिभा मॅडम म्हणाल्या आणि पदर खोचला.

नवलसिंगांचा चेहरा पांढराफटक. तरी ते पुढे झाले. ज्या शिडीवरून ते पडले होते, तिच्याच पायाशी बसले आणि दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. "मी धरस, मॅडम. तुम्ही खाले देखू नका."

मॅडम एकेक पायरी चढू लागल्या. पाचवीवर पाय पडला आणि सुतळी करकरली. मित्रांनो, मला श्वास असता तर मी तो रोखून धरला असता. बांबू जरासा वाकला, पण हलला नाही. मॅडम वर पोचल्या. रुमाल खाली आला तेव्हा इतकी धूळ उडाली की सगळे जुन्या दिवसांसारखे शिंकले. मला तर रडूच फुटलं असतं.

गाठ सुटली. मार्चची पानं. प्रतिभा मॅडमचं बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. लिडियाने आजीचा हात पकडून ठेवला होता. आणि मग बोट थांबलं.

"मुलगा," मॅडम सावकाश वाचू लागल्या. "बापाचं नाव वाहरू. गाव तुमचंच. जात कोकणी."

"माझ्या सासऱ्याचं नाव ते! वाहरू!" हिरीबाई म्हणाली. "आनि दिवस? दिवस कोन्ता?"

"होळीचाच, आजी."

लिडिया आजीच्या गळ्यात पडली. "माझं चुकलं गं, मी तुला गप्प बसवलं," म्हणत ती हमसून हमसून रडली. हिरीबाई तिला थोपटत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग हळूच म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं आपन मेणबत्ती भलत्याच दिवशी लावली. तो वाट बघून थकला असंल."

"आता होळीला लावू, आजी. दोघी जाऊ."

नक्कल त्याच दुपारी मिळाली, शिक्क्यासकट. ती छातीशी धरून लिडिया निघाली. आजीने एक हात तिच्या खांद्यावर टाकला, कारण दुसऱ्या हातात काठी नव्हती. नवलसिंगांच्या ते लक्षात आलं. सुतळी सोडायला वाकत त्यांनी हाक मारली, "ओ माय, तुन्ही काठी लई जाय ना!"

हिरीबाईने दारातून मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्यावरच्या फळीकडे. धुळीने माखलेले लाल रुमाल तिथे ओळीने बसले होते.

"ऱ्हाऊ दे, दादा," ती म्हणाली. "वर अजून कोना कोनाची मानसं असतील."

मित्रांनो, सोमवारी सुतार आला. सातवी पायरी ढिली झाली होती ती त्याने ठोकून घट्ट केली, दांड्यांना तेल पाजलं. पाचवी बदलायला लागला तेव्हा नवलसिंगांनी त्याचा हात धरला. तेव्हापासून मला कोणी मांडवाला नेत नाही आणि पावसात टाकत नाही. तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी शिडी कुठेतरी भिंतीशी भिजत पडलेली असेल. तिला आत घ्या, पायऱ्या हलवून बघा, मोडली असेल तर वेळीच दुरुस्त करा. आणि घरातलं म्हातारं माणूस मागून काही सांगू लागलं, तर त्याला गप्प बसवू नका.

परवा खिडकीवर एक बाई आल्या, दाखला पुढे केला. जन्मतारीख एक जून. प्रतिभा मॅडमनी खालच्या रुमालांना हातही लावला नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचं लहानपणीचं नाव काय होतं हो? आणि ते तसं का ठेवलं?" बाई आठवायला लागल्या. तेवढ्यात नवलसिंग लंगडत आत आले आणि मला उचलून भिंतीला लावलं.