वखारीच्या भिंतीवरचा पिवळा गोल

आमच्या सासूबाई कुणाला घाबरत नाहीत, असं आमचे हे सगळीकडे सांगत सुटतात. साफ खोटं आहे. हातात कागद घेतलेला माणूस चौकात दिसला की धुरपदाबाई आधी दाराला कडी घालतात, मग तो विजेचं मीटर बघणारा असो की लहान मुलांना पोलिओचे थेंब पाजणारा. माझी योगिता लहान असताना तिला डोस पाजायला मला मागच्या गल्लीत जावं लागायचं.

आम्ही राहतो तो सुरतेतला जुना चौक तापीच्या ओवाऱ्याला लागून आहे. ओवारा म्हणजे नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. चौकात गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद आहे, एक कोरडं कारंजं आहे आणि एका बाजूला कधीकाळच्या व्यापाऱ्यांच्या वखारींची ओळ आहे. त्या वखारींत आता खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेली आमच्यासारखी घरं भाड्याने राहतात. भिंती हातभर जाड, त्यामुळे उन्हाळ्यात थंड वाटतं आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत.

मध्यंतरी चौकात भोंगा लावलेली रिक्षा फिरली. जुन्या चौकाचं पुढे काय करायचं ते नागरिकांनी येऊन सांगावं, असं गुजरातीत पुकारत होती. आमच्या ओळीतलं एकही माणूस गेलं नाही. आजवर आम्हाला विचारून कुणी काही केलेलं नाही, तेव्हा विचारतायत म्हणजे पाडणारच, असं सगळे धरून चालले. त्या दिवसापासून बायका नळावरसुद्धा हळू बोलायला लागल्या.

मग एका दुपारी मी टिकल्या लावलेल्या साड्या शेठकडे पोचवून परत आले, तर सासूबाई दाराशेजारची भिंत नारळाच्या शेंडीने घासत होत्या. अंगभर पिवळे शिंतोडे उडाले होते. शेजारच्या दारांजवळच्या भिंती आधीच घासून झालेल्या होत्या.

"आत्याबाई, हे काय चाललंय? पाणी काय फुकट येतं?"

"हाई देख," त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पिवळ्या रंगाच्या गोलाचा अर्धा भाग अजून शिल्लक होता. "पोऱ्या उनात नि रंग मारी गयात. मी आतमझार कडी लायी बठी व्हतू."

"पण पोरं आली तेव्हा काही बोलली असतील ना?"

"हा, बोलनात. मी कान झाकी लिधा. तवय लाल व्हतं, आते पिव्वं शे, इतलाच फरक."

'तवय' म्हणजे माझ्या लग्नाआधी. तेव्हा सासरची मंडळी खाडीच्या काठाला झोपडीत राहत होती. एक दिवस पोरं आली आणि दारावर लाल आकडा काढून गेली. सासूबाईंना वाटलं, विजेचं कनेक्शन मिळणार. त्यांनी पोरांना चहा पाजला, रंगाचा डबासुद्धा धरून उभ्या राहिल्या. आठवडाही गेला नाही आणि जेसीबी आलं. ज्यांच्याजवळ कागद होते त्यांना शहराबाहेर कोसाडला खोल्या मिळाल्या. यांच्याजवळ कागद नव्हते. सासूबाई त्या दिवसाबद्दल एवढंच सांगतात की चुलीवर भात होता.

मी बादली उचलली आणि भिंतीवर पाणी ओतायला लागले.

दोन दिवसांनी हौदाजवळून जाताना पाहिलं तर हौदावरही तसाच गोल. कारंज्यावर गोल, ओवाऱ्याच्या पहिल्या पायरीवर गोल. तिथे गायत्री नावाची मुलगी गळ्यात ओळखपत्र घालून उभी होती. चौकाच्या योजनावाल्यांकडे काम करायची. मला राहवलं नाही. हा हौद आता फोडणार का, म्हणून मी तिला विचारलं.

"नाही हो काकी, उलटं आहे," ती हसून म्हणाली. "पिवळा गोल म्हणजे हे राखावं, असं बैठकीला आलेल्या लोकांनी सुचवलंय. रविवारी सगळ्या शहरातून माणसं येतील, चौकात फिरतील आणि प्रत्येक गोलापाशी थांबून आपलं मत देतील. तुमच्या वखारींवर पण काढलेत ना गोल. सगळ्यात आधी तिथेच काढले."

"आणि जिथे गोल नसेल तिथे?"

"तिथे कोणी थांबणार नाही. नकाशात वखारींच्या बाजूला गाड्या लावायची जागा सुचवली आहे. मतं पडली नाहीत तर तेच होईल."

आमच्या भिंती तर घासूनपुसून लख्ख. मी कसंबसं विचारलं, आमचे गोल पुसले गेलेत, परत काढून द्याल का? ती म्हणाली, रविवारी सगळ्यांसमोर घरच्या माणसाने सांगितलं तर काढता येईल. भाडं ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच बोलावं लागेल. भाडं सासूबाईंच्या नावावर आहे. आमच्या ओळीत सगळ्यात जुन्या त्याच, आणि बाकीच्या बायका त्यांचं बघून चालतात.

घरी येऊन सांगितलं तर त्यांनी चक्क कानांवर हात ठेवले. "तवय बी हासी हासी बोलनात." खाडीवरची ती पोरंही हसूनच बोलली होती. यांनी समजावलं, योगिताने मोबाईलवर योजनेचं चित्र दाखवलं. त्या चित्रात झाडं होती, बाकडी होती, आणि आमची ओळ होती तिथे पांढऱ्या रेघांत गाड्या उभ्या होत्या. सासूबाईंनी चित्र पाहिलं आणि मोबाईल पालथा घातला. मी चिडले, नको ते बोलले, त्यांच्या हट्टापायी माझी मुलगी रस्त्यावर येईल असंही बोलले. घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही, कारण ते माणूस आपलं ऐकतच नसतं.

रविवारी सकाळी माणसं आली. टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली, बरीचशी शिकलेली. हौदापाशी थांबली, फोटो काढले, मताच्या रंगीत टिकल्या चिकटवल्या. कारंज्यापाशी थांबली. मग आमच्या ओळीपुढून गप्पा मारत सरळ ओवाऱ्याकडे चालायला लागली. गायत्रीने वळून माझ्याकडे पाहिलं. मला तोंड उघडायचं होतं, पण भाडं माझ्या नावावर नव्हतं. शेजारणी दारात जीव मुठीत धरून उभ्या होत्या. कोणी हललं नाही.

तेवढ्यात आमच्या दाराची कडी वाजली. सासूबाई बाहेर आल्या आणि चालत जाऊन गर्दीच्या मधोमध उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होता आणि त्याचं टोक त्यांनी दातांत धरलं होतं. लोक थांबले.

"आम्ही आठे ऱ्हातंस," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूच गेला नाही. "गोल व्हता. मीच पुसी टाकं. सगळासना मीच पुसं. माले भ्याव वाटना."

गायत्रीने ते गुजरातीत मोठ्याने सांगितलं, या इथे राहतात, गोल त्यांनीच पुसले, भीती वाटली म्हणून. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, काढा परत. मग बरेच जण म्हणाले. गायत्रीबरोबरच्या एका मुलाने ब्रश आणला आणि गायत्रीने सासूबाईंना विचारलं, "काढू ना, आजी?"

सासूबाईंनी मान डोलावली. ब्रश भिंतीला लागला तसं त्यांनी माझं मनगट पकडलं. गोल पूर्ण होईपर्यंत त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि माझ्या दोन बांगड्या फुटल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या भिंतीवर इतक्या टिकल्या पडल्या की हौदावर तितक्या नव्हत्या. शेजारणी रडायला लागल्या, मी पण रडले. हे कामावरून येत होते, त्यांना लांबूनच ओरडून सांगितलं, राहिलं, आपलं घर राहिलं.

सासूबाई कधी आत गेल्या ते कळलं नाही. मी त्यांना पेढा द्यायला आत गेले, तर फळीवरची भांडी खाली उतरवलेली. त्या जमिनीवर बसून एकेक भांडं जुन्या साडीत गुंडाळून गोणीत भरत होत्या, सावकाश, आवाज होणार नाही असं.

आत्याबाई, आता भ्यायचं काही कारण नाही, असं मला म्हणायचं होतं. ती खूण राखायची आहे, पाडायची नाही, शंभर माणसांदेखत ठरलंय, हेही सांगायचं होतं. दारातून मला भिंतीवरचा ओला रंग दिसत होता. लोक निघून गेले होते, तो ब्रशवाला मुलगाही गेला होता, आणि चौकात एक अनोळखी माणूस हातात कागद धरून आमच्या ओळीकडे बघत उभा होता.

मी पेढा फळीवर ठेवला. खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि योगिताचे शाळेचे कपडे घड्या करून तिच्यात भरायला लागले.